मेकरस्पेसच्या दारात घुटमळणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा मेकरस्पेसमध्ये गेले ती एसीसाठी. एप्रिलचं ऊन, लायब्ररीत बसायला जागा नाही, आणि विद्यापीठाच्या मागच्या अंगाला काचेचं दार असलेली एक खोली, जिच्यात कायम पाच-सहाच पोरं दिसायची. मी संख्याशास्त्राची. माझी हत्यारं म्हणजे पेन, कॅल्क्युलेटर आणि लॅपटॉप. आत एक यंत्र स्वतःशीच किरकिरत प्लास्टिकचा धागा थरावर थर रचत होतं. तिथल्या मामांनी विचारलं, "काय बनवायचंय?" मला उत्तर सुचलं नाही. "काही नाही, बघायला आले," म्हणत कोपऱ्यात जाऊन बसले. पुढची दोन वर्षं तिथून हलले नाही.

हा लेख तशाच घुटमळणाऱ्यांसाठी आहे. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., फार्मसी, लॉ, कुठलेही असा. इंजिनिअरिंगवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण त्यांच्याही चुका मी जवळून पाहिल्या आहेत.

ही जागा असते कशासाठी

मेकरस्पेस म्हणजे सामायिक वर्कशॉप. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सोल्डरिंगचं (वायरी धातूच्या डागाने जोडायचं) टेबल, ड्रिल, करवती, शिलाई मशीन, कुठे कुठे सुतारकामाचा कोपरा. तासाला ठरलेला 'जॉब', म्हणजे बनवून दाखवायची वस्तू, देणारं इथे कुणी नसतं. काय करायचं ते तुम्ही ठरवून यायचं.

ही कल्पना परदेशातून आपल्याकडे आली असं समजलं जातं, ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ साली 'जवळजवळ काहीही कसं बनवायचं' अशा अर्थाच्या नावाचा एक कोर्स सुरू केला. मोजक्या संशोधकांसाठी आखलेल्या त्या वर्गाला कलाकार आणि वास्तुशास्त्राचे विद्यार्थीही येऊन धडकले. एका मुलीने तर किंचाळी साठवून ठेवणारी पिशवी बनवली: गर्दीत असताना पिशवीत तोंड खुपसून ओरडायचं आणि निवांत जागी तो आवाज मोकळा करायचा. त्यातून पुढे 'फॅब लॅब', म्हणजे कुणालाही येऊन वस्तू बनवता येईल अशी प्रयोगशाळा, ही कल्पना निघाली आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली ती पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली हा आश्रम सुरू केला होता. शाळेत न रमलेली खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, बांधकाम असं सगळं एकाच वर्षात, प्रत्यक्ष कामं घेऊन शिकत होती. म्हणजे फॅब लॅब पाबळला पोचली तेव्हा त्या पद्धतीने शिकवणारी माणसं तिथे वीस वर्षं आधीपासून होती. दुधाची प्रत तपासणं, डिझेल इंजिनाचं टायमिंग जुळवणं असले प्रश्न त्यांच्या समोर होते, आणि त्या प्रश्नांना भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि दूधवाल्याचा हिशेब असे वेगवेगळे कप्पे नव्हते.

मेकरस्पेसमध्ये कुठल्याही विद्याशाखेच्या माणसाला शिकण्यासारखं असतं ते याचमुळे. इथे शिकवणारा असतो तो प्रश्न. यंत्र त्याच्या मदतीला असतं.

जागा शोधा आणि आत शिरा

पाटीवर 'मेकरस्पेस' लिहिलेलं असेलच असं नाही. टिंकरिंग लॅब, आयडिया लॅब, फॅब लॅब, डिझाइन इनोव्हेशन सेंटर, इनक्युबेशन सेंटर अशी नावं शोधा. अभियांत्रिकी कॉलेजांत एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, आयडिया लॅब आहेत. आयआयटी मुंबईत विद्यार्थी चालवतात ती टिंकरर्स लॅब आहे, आणि तिथे पहिल्या वर्षाला 'मेकरस्पेस' नावाचा विषयच अभ्यासक्रमात आहे. काहींनी शाळेत अटल टिंकरिंग लॅब पाहिली असेल. ती सहावी ते बारावीसाठी असते. तिथे हात लावलेला असेल तर तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात.

तुमच्या कॅम्पसवर असं काहीच नसेल तर जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजात चौकशी करा, किंवा पाबळला एखादी चक्कर टाका. सुट्टीत चार दिवस काढता येत असतील तर गोव्यात मेकर्स असायलम आहे. २०१३ साली मुंबईत सुरू झालेली ही जागा. कोविडच्या पहिल्या लाटेत याच मंडळींनी देशभरच्या मेकर्सना जोडून घेऊन ४९ दिवसांत १० लाख फेस शील्ड बनवल्या होत्या.

बाहेरच्या विभागातले असाल तर बहुतेक ठिकाणी परवानगीचा अर्ज लागतो. तो लांबलचक लिहू नका. नाव, विभाग, वर्ष, कुठल्या वारी किती वाजता येणार, काय बनवायचा विचार आहे, आणि विभागप्रमुखांची सही. "शिकण्याची आवड आहे" असं लिहिलेला अर्ज टेबलावर पडून राहतो. "कांदाचाळीतला ओलावा मोजायचा आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी ३ ते ६" असं लिहिलेल्या अर्जावर सही होते. आमची झाली.

आत गेल्यावर पहिली ओळख मामांशी करा. प्राध्यापक समितीत असतात, चाव्या मामांकडे असतात. कुठलं ड्रिल थरथरतं, कुठल्या प्रिंटरचा बेड, म्हणजे वस्तू ज्यावर छापली जाते तो पाट, डावीकडे एक केसभर खाली आहे, कुठल्या दुकानात एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली शीट) ओला मिळतो, हे त्यांना ठाऊक असतं. पहिले दोन दिवस फक्त बघा आणि हातभार लावा. कुणाचा जॉब धरून ठेवा, झाडू मारा. त्यात कमीपणा नाही. नजर अशीच तयार होते.

हात लावण्याआधी

सुरक्षेची पाटी कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहिते.

ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, बांगड्या, आयकार्डची लटकती दोरी हे सगळं ड्रिलपासून लांब. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नका. ऐकायला उलटं वाटतं, पण फिरत्या बिटात मोज्याचा धागा अडकला की तो मोजा हातासकट ओढतो. चष्मा मात्र हवाच, नंबरचा असला तरी वरून सेफ्टी गॉगल. चपला चालणार नाहीत.

सोल्डरिंग गनचं टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसला असतं आणि गार झालंय की नाही हे दिसून कळत नाही. साध्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावाकडे वळू नका. धूर नाकात जाऊ नये म्हणून छोटा पंखा लावा.

लेझर कटरवर पीव्हीसी कधीही ठेवायचं नाही. रेक्झिन, फ्लेक्सचं कापड, बऱ्याच स्टिकर शीट हे सगळं पीव्हीसीच असतं. ते जळलं की क्लोरिनयुक्त आम्लाचा वायू सुटतो. फुफ्फुसांना वाईट आणि यंत्राच्या लोखंडालाही गंज चढवणारा. शीट कशाची आहे हे खात्रीने माहीत नसेल तर कापू नका. आणि लेझर चालू असताना चहाला जायचं नाही. लाकूड पेट घ्यायला पाच सेकंद पुरतात.

रात्री एकट्याने काम करू नका. बस, एवढंच.

यंत्र बघून कल्पना ठरवू नका

नवखे येतात आणि थ्रीडी प्रिंटर बघून विचारतात, यावर काय छापता येईल? मग नावाचं कीचेन, गणपतीची छोटी मूर्ती, मोबाइल स्टँड. पहिलं एक कीचेन जरूर बनवा, यंत्राची भीती जाते. दुसरं बनवू नका.

प्रश्न बाहेरून आणा. आमच्या गटातल्या एकीच्या घरी जुन्नर तालुक्यात कांदा असतो. रब्बीचा कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, चाळीत भरतात आणि भाव बघत बघत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काढत राहतात. मध्ये पावसाळा. चाळीत पोटात कुठेतरी कांदा सडायला लागतो आणि वास दारापर्यंत येईस्तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. तिचा प्रश्न साधा होता: वास यायच्या आधी कळेल का?

चांगल्या प्रश्नाची माझी खूण अशी: तो एका विभागात मावत नाही. ओलावा मोजणं इलेक्ट्रॉनिक्सचं. सडतं ते का, हे सूक्ष्मजीवशास्त्राचं. किती ठिकाणी मोजलं म्हणजे पुरे, हे माझ्या संख्याशास्त्राचं. आज विकायचा की थांबायचं, हे वाणिज्यचं. आणि तिच्या आईला, म्हणजे काकूंना, हे सगळं सांगायचं कोणत्या शब्दांत, हे भाषेचं. प्रश्न हाती आल्यावर एका कागदावर असं लिहून काढा. दोनच विभागांची नावं आली तर प्रश्न अजून लहान आहे. नऊ आली तर तो पीएचडीचा आहे, कापून लहान करा.

गट जमवताना

चार जण पुरे. चारही एकाच वर्गातले नकोत. आमच्यात एक इलेक्ट्रॉनिक्सवाला, ती जुन्नरची सूक्ष्मजीवशास्त्रवाली, एक एम.ए. मराठीचा आणि मी. मराठीवाला आला तो चहाच्या नादाने. शेवटी सर्वांत मोठी अडचण त्यानेच सोडवली, ते पुढे येईल.

पहिल्या बैठकीत शब्दांची यादी करा. हे मी गमतीने सांगत नाही. आमच्या गटात 'सेल' म्हणजे एकाला बॅटरी, दुसरीला पेशी. वाणिज्यचा एक मित्र डोकावून गेला, त्याला विक्री. 'मॉडेल' म्हणजे माझ्यासाठी समीकरण, वास्तुशास्त्रवाल्यांसाठी पुठ्ठ्याचं घर. 'कल्चर' वर मराठीवाला आणि सूक्ष्मजीवशास्त्रवाली अर्धा तास बोलत होते आणि मग लक्षात आलं की एक संस्कृतीबद्दल बोलतोय आणि दुसरी बशीतल्या बुरशीबद्दल. ही यादी भिंतीवर लावून ठेवा. वेगळ्या शाखेच्या माणसाबरोबर काम करणं म्हणजे निम्मं हेच असतं.

आणखी एक नियम आम्ही केला होता: ज्याचं जे काम नाही ते त्याने एकदा तरी करायचं. मी सोल्डर केलं, अगदी वाईट केलं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने आलेख काढला, तोही वाईट. पण नंतर एकमेकांच्या कामाला किती वेळ लागतो यावरून भांडणं झाली नाहीत.

पुठ्ठा, कात्री, फेव्हिकॉल

यंत्राला हात लावण्याआधी वस्तू पुठ्ठ्यात बनवा. किराणा दुकानातला खोका फुकट मिळतो. सेन्सर ठेवायची डबी आम्ही आधी पुठ्ठ्याची केली, दोरीने कांद्याच्या पोत्यावर बांधून पाहिली. लगेच दोन गोष्टी कळल्या. एक, डबीची भोकं खालच्या बाजूला हवीत, नाहीतर कांद्याची टरफलं आत जातात. दोन, वायर बाहेर काढायला जागाच ठेवली नव्हती. वीस मिनिटांत आणि शून्य रुपयांत कळलं. हेच प्रिंट करून कळलं असतं तर चार तास आणि बरंच प्लास्टिक गेलं असतं.

आमचे तीन पुठ्ठ्याचे नमुने झाले, चौथा प्रिंटरवर. हे प्रमाण बरं आहे.

आता यंत्रं

लेझर कटर आधी शिका. तो लवकर हातात बसतो. इंकस्केप हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, रेषा काढा, फाइल द्या. ३ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा ॲक्रिलिक दोन-तीन मिनिटांत कापून मिळतं. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे दुकानदार ३ मिलिमीटर म्हणाला म्हणून खाच ३ मिलिमीटरची काढायची. शीट प्रत्यक्षात २.७ असते. वर लेझर स्वतः एक-दोन दशांश मिलिमीटर खाऊन टाकतो. म्हणून व्हर्निअरने मोजा, मग कोपऱ्यात वेगवेगळ्या मापाच्या पाच खाचा असलेली एक छोटी पट्टी कापा आणि जी घट्ट बसते ते माप धरा. अकरावीत व्हर्निअरचं प्रॅक्टिकल 'कशाला' म्हणून केलं होतं, त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

थ्रीडी प्रिंटर बघायला छान आणि वापरायला हळू. मुठीएवढी डबी तीन-चार तास घेते. टिंकरकॅडमध्ये आकार बनवा, पुढे गेलात की फ्रीकॅड. मग स्लायसर सॉफ्टवेअर त्या आकाराचे थर पाडतं, ०.२ मिलिमीटरचा थर आणि आतली भरण १५ ते २० टक्के, एवढ्यावर सुरुवात करा. भरीव छापायची गरज जवळपास कधीच नसते. ४५ अंशांहून जास्त बाहेर झुकलेला भाग हवेत छापला जात नाही, त्याला खालून टेकू द्यावा लागतो आणि तो टेकू नंतर पक्कडीने तोडताना नखं तुटतात. म्हणून वस्तू कशी झोपवायची याचा विचार आधी करा.

आता आमची फजिती. डबी पीएलए प्लास्टिकची छापली, कारण सगळीकडे तेच असतं, वासही येत नाही. चाळीच्या पत्र्याला लागून टांगली. आठवड्याने गेलो तर डबी वितळल्यासारखी वाकडी. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि मे महिन्यात तापलेल्या पत्र्याला हात लावून बघा म्हणजे कळेल. दुसरी डबी पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकची केली, ती ८० च्या आसपासपर्यंत तग धरते, आणि पत्र्यापासून वीतभर खाली टांगली. हा धडा वर्गात पदार्थविज्ञानाच्या तक्त्यात होताच. तो तक्ता मी कधी उघडला नव्हता.

वायरी आणि मीठ

इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने करा. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी पहिला आर्डुइनो निघाला, म्हणजे मुळातच तो इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांसाठी आहे. पहिल्या दिवशी एलईडी लुकलुकवा, २२० किंवा ३३० ओहमचा रेझिस्टर विसरू नका. वायफाय लागलं की ईएसपी३२ हा बोर्ड घ्या, फक्त त्याच्या पिनांना ३.३ व्होल्ट चालतात. ५ व्होल्ट दिले तर तो मुकाट्याने मरतो.

आम्ही ओलावा मोजायला डीएचटी२२ हा पांढरा सेन्सर घेतला. दुकानात तसाच निळा डीएचटी११ स्वस्तात देतात, तो ढोबळ आहे. पण पांढराही खरं बोलतो कशावरून? इथे सूक्ष्मजीवशास्त्रवाली कामाला आली. तिने स्वयंपाकघरातलं मीठ घेतलं, बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घालून ओला गोळा केला, आणि ते झाकण व सेन्सर एका हवाबंद डब्यात ठेवून रात्रभर सोडलं. संपृक्त मिठाच्या वरची हवा २५ अंशांना जवळपास ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिरावते. हा निसर्गाचा मोजदंड आहे. सकाळी आमच्या तीन सेन्सरनी तीन वेगळे आकडे दाखवले. मग प्रत्येकाचा फरक लिहून ठेवला आणि प्रोग्राममध्ये तेवढं वजा-अधिक केलं. एक रुपयाचं मीठ.

संदेश पाठवायला सिमकार्डचा छोटा मॉड्यूल लावला, सिम८००एल. तो संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. लॅपटॉपच्या यूएसबीला हे झेपत नाही, आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. दोन संध्याकाळी आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत होतो. चूक वीजपुरवठ्यात होती. काहीही विचित्र वागलं की आधी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा, मग ग्राउंड (सगळ्यांची सामाईक उणे वायर) जोडलंय का बघा, मग ब्रेडबोर्डची (सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीची) वायर हलवून बघा, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रामला दोष द्या.

मराठीवाल्याची गोष्ट इथे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने संदेश लिहिला होता: "सूचना: चाळीच्या डाव्या विभागातील सापेक्ष आर्द्रता निर्धारित मर्यादेपेक्षा अधिक आहे." फोनवर तो 'मर्यादेपेक' ला तुटला. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडलेलं अक्षर प्रत्येक वेगळं मोजलं जातं. मराठीवाल्याने ते खोडून लिहिलं: "काकू, डाव्या पाखीत दमट झालंय. ताडपत्री वर करा." ४६ मध्ये बसलं. पाखी हा चाळीचाच शब्द, 'विभाग' काकूंच्या तोंडी कधी येत नाही. त्या संदेशासाठी त्याला युनिकोडचे, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षराला देतो त्या क्रमांकाचे, हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतले) आकडे शिकावे लागले, आणि तो ते अजून लोकांना सांगत फिरतो.

वस्तू तिच्या जागी नेऊन बघा

टेबलावर चालणारी वस्तू म्हणजे अर्धं काम. लवकर बाहेर न्या, अर्धवट असली तरी.

कांदा साठवायला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता बरी, हे आम्ही वाचून गेलो होतो. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथलं साहित्य वाचण्यासारखं आहे. आम्ही सेन्सर डोळ्यांच्या उंचीवर लावला, कारण तिथे लावायला सोपं होतं. काकूंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, सडतो तो पोटात. इथे वर तर वारा लागतोय." ढिगाच्या आत नळी घालून सेन्सर बसवला तेव्हा आकडा वेगळाच आला. एका ठिकाणचं मोजमाप सगळ्या चाळीचं म्हणून खपवणं ही माझ्याच विषयातली पहिली चूक, आणि ती मीच केली.

काकूंचा दुसरा प्रश्न आणखी जबर होता. "बाहेर पाऊस धो धो चालू असताना तुमचा संदेश आला तर ताडपत्री वर करू का?" कुणी हसलं नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच ताडपत्री वर करण्यात अर्थ आहे. म्हणजे एक सेन्सर बाहेरही हवा आणि संदेश दोन्हींची तुलना करून जायला हवा. तिकडे सूक्ष्मजीवशास्त्रवाली टरफलांवरची काळी भुकटी बशीत वाढवून बघत होती. उष्ण-दमट हवेत ती काळी बुरशी कशी फोफावते हे तिने बशीत दाखवलं तेव्हा आमचा आलेख पहिल्यांदा कशाबद्दल तरी आहे असं मला वाटलं.

बाहेर नेताना तीन गोष्टी पाळा. ज्याची जागा आहे त्याची परवानगी. फोटो काढण्याआधी विचारणं. आणि "हे तुमचं नुकसान थांबवेल" असं वचन न देणं, कारण तुम्ही अजून शिकताय.

वही

रोज जाताना पाच ओळी: काय केलं, काय बिघडलं, का वाटतं, उद्या काय, कुणाला विचारायचं. वायर कुठली कुठे याचा फोटो. फाइलींना तारखेची नावं द्या. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' असली नावं ठेवून आम्ही एकदा जुनीच डबी छापली होती.

पैसे आणि बाजार

छोट्या प्रकल्पाला दोन-अडीच हजारांहून जास्त लागायला नको. मेकरस्पेसमध्ये यंत्र बहुधा फुकट असतं, माल आपला. इलेक्ट्रॉनिक्सच्या मालासाठी पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. यादी कागदावर लिहून न्या, पार्टचा नंबर पूर्ण लिहा, आणि सेन्सर एक लागत असेल तर दोन घ्या. दुसरा लागतोच. मोटार, गिअर, स्प्रिंग, पत्रा हे भंगारात शोधा; बंद पडलेल्या प्रिंटरमध्ये चांगल्या मोटारी आणि गुळगुळीत सळ्या मिळतात. कोल्हापूरकरांनी उद्यमनगरात चक्कर मारावी, तिथे लेथवाले कामाची गंमत वाटली तर उभ्याउभ्या जॉब करून देतात.

गुण आणि श्रेयांक

हे विचारायला लाजू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओपन इलेक्टिव्ह असे कप्पे आले आहेत. मेकरस्पेसमधलं काम त्यातल्या एखाद्यात बसतं का हे विभागात सुरुवातीलाच विचारा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास, म्हणून हजेरीवहीत वेळ टाकून मामांची सही घेत जा. चौघे चार विभागांचे असाल तर प्रत्येकाने आपल्या विषयाचा वेगळा अहवाल द्यावा. एकच अहवाल चार ठिकाणी दिला तर तो कुठल्याच गाईडला आपला वाटत नाही. आणि विद्यापीठाच्या जागेत, त्यांच्या यंत्रावर बनलेल्या वस्तूची मालकी कुणाची, याचा नियम असतो. पुढे स्टार्टअपचा विचार असेल तर तो आधी वाचा, बक्षीस मिळाल्यावर नको.

वेळापत्रक

सगळ्यात जास्त फसलो ते इथे. विद्यापीठाचं कॅलेंडर आणि कांद्याचं कॅलेंडर जुळत नाही. चाळ भरते मेमध्ये, तेव्हा आमची परीक्षा. सडायला लागतं जुलै-ऑगस्टला, तेव्हा नवा वर्ग, नवे विषय आणि गटातला एक जण पास होऊन गेलेला. तुमचाही प्रश्न शेतीचा, वारीचा, गणपतीचा, उसाच्या हंगामाचा असेल तर आधी त्याच्या तारखा लिहा आणि मग उलटं मोजत या.

आम्ही दुसऱ्या वर्षी असं केलं: ऑगस्टला गट आणि शब्दांची यादी, सप्टेंबरला पुठ्ठा, दिवाळीच्या सुट्टीत चाळ बघून येणं, डिसेंबर-जानेवारीत डबी आणि वायरी, फेब्रुवारीत मिठाचा डबा, मार्चला घरच्या कोठीत चाचणी. एप्रिलच्या शेवटी, परीक्षेच्या आधीच्या रविवारी, चाळ भरत असतानाच ढिगात नळ्या बसवल्या, कारण भरून झाल्यावर त्या आत घालता येत नाहीत. बॅटरी कशी बदलायची ते काकूंच्या धाकट्या मुलाला शिकवून ठेवलं. तो तेव्हा आठवीत होता. जूनमध्ये पहिला संदेश आला तेव्हा आम्ही चौघंही चार गावांना होतो, आणि फोन त्याचाच आला: "ताई, मेसेज आलाय, पण बाहेर ऊन आहे. वर करतो ताडपत्री."